जीप पाण्यात घातली तो दिवस

धाकट्या जावेला पिसाळलेला कोल्हा चावला तेव्हा आमची भाताची लावणी निम्म्यावर आली होती. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. कोल्हा माणसाला बघून पळतो. हा दिवसाउजेडी बांधावरून सरळ चालत आला आणि तिच्या उजव्या हाताला कोपराखाली लोंबकळला. ती ओरडत बसली नाही. दुसऱ्या हातानं तिनं त्याचं मुंडकं चिखलात दाबून धरलं आणि बाकीच्या बायांनी तो दगडांनी ठेचला. पण दात हाडापर्यंत गेले होते.

मागल्या वर्षी आमच्याच आळीतल्या एका गड्याला कुत्रं चावलं होतं. त्यानं सुया घेतल्या नाहीत, अंगारा लावला. महिन्याभरानं त्याला खाटेला बांधून ठेवावं लागलं. तहानेनं ओठ फुटलेले, आणि तांब्या नुसता दिसला तरी कुणी गळा आवळल्यासारखा करायचा. मी बघायला गेले होते. नसते गेले तर बरं झालं असतं. त्यामुळे जावेचा हात धुऊन होतो न होतो तोच मी मालकांना म्हणाले, जीप काढा.

मालक म्हणजे माझा नवरा. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्कराच्या गाड्या चालवत होते. परत आल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक जीप त्यांनी लिलावात घेतली. भात, माणसं, गिरणीचं तेल, जे मिळेल ते वाहायचे. गाव आधी हसलं, मग तिच्यात बसायला लागलं.

पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चौदा सुया सांगितल्या. रोज एक, पोटात. औषध पुण्याहून बर्फात घालून यायचं. डॉक्टर मालकांना म्हणाले, "एक दिवस चुकवायचा नाही. चुकवलात तर मी जबाबदार नाही." दीर पलटणीत, लांब. म्हणजे जबाबदार आम्हीच.

आमचं गाव नदीच्या अलीकडं आणि पौडचा रस्ता पलीकडं. मध्ये पूल नव्हता, उतार होता. नदी तिथं पसरट होते, तळाला खडक आहे, आणि उन्हाळ्यात बाया पातळ न उचलता पार होत. पावसाळ्यात चाकाच्या तुंब्याला पाणी लागायचं. पहिल्या काही सुया तशाच झाल्या. सकाळी जीप जायची, दुपारी यायची. जाऊ पोट धरून यायची आणि संध्याकाळी परत लावणीला वाकायची. तिला कुणी बस म्हणालं नाही. मीही नाही.

मग पाऊस लागला तो थांबेना. एका सकाळी मालक उतारावर गेले आणि चड्डी पिळत परत आले. "छातीला लागतंय," म्हणाले. "पाय ठरत न्हाई." नाववाल्यानं नाव केव्हाच वर ओढून पालथी घातली होती. बैलगाडी घालावी तर अशा पाण्यात गाडी तरंगते आणि बैल जुवासकट वाहतात. त्या दिवशीची सुई चुकली.

सासूबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. चावलेल्या माणसानं वाहतं पाणी ओलांडायचं नसतं. आभाळ गरजलं की विष चढतं. पाण्यात त्याला चावलेलं जनावर दिसतं.

"रोज नदीतनं न्हेताय तिला. तुमीच चढवताय ईख," त्या म्हणाल्या.

"सुई काय पोस्टानं मागवू?" मालक म्हणाले.

"मागव की. एवढा लढाईवर जाऊन आलायस."

रात्री जाऊ जेवली नाही. भाकरी नको म्हणाली, आमटी नको म्हणाली. पाणी प्यायली का ते मी पाहिलं नव्हतं, आणि विचारायचा धीर होईना. विचारलं असतं तर मला कसली भीती वाटते ते तिला कळलं असतं.

सकाळी मालक म्हणाले, "जीप पाण्यात घालतो. लष्करात घालत हुतो. एकदाच पार करायचं, सुया संपंस्तोवर पौडलाच ऱ्हायचं." पौडला माझी आतेबहीण दिलेली होती. तिच्याकडं राहायला अडचण नव्हती. अडचण पार होण्याचीच होती.

लष्करात त्यांना अशा कामासाठी डबेच्या डबे मिळायचे. पाणी न शिरू देणारा मलम, रबरी नळ्या, कापलेले पाईप, सगळं मापात. आमच्याकडं काय होतं? मालकांनी जीप गोठ्यात पत्र्याखाली घेतली, पुढचं झाकण उघडलं आणि मला समजावून सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण ते कळायला चौथीसुद्धा लागत नाही. इंजिनला तीन गोष्टी लागतात: हवा, ठिणगी आणि पेट्रोल. हवेच्या तोंडातून पाणी आत गेलं तर इंजिन फुटतं. ठिणगीच्या वायरी भिजल्या तर ते बंद पडतं. धूर बाहेर निघायला वाट राहिली नाही तरी बंद पडतं. आणि मधोमध बंद पडलं की संपलं.

हवेसाठी बांबू तोडला. चांगला जाड, हिरवा. पहार चुलीत लाल करून मालकांनी त्याची आतली पेरं फोडली. बांबू इंजिनपासून काचेच्या उंचीपर्यंत उभा बांधला आणि खालचा सांधा सायकलच्या ट्यूबनं गुंडाळून सुतळीनं आवळला. मी वरच्या तोंडाला तोंड लावून फुंकून बघितलं. ट्यूब फुगली, हवा कुठं सुटली नाही.

धुरासाठी बांबू चालत नाही, जळतो. लोखंडी पाईप हवा. तो गावात एकाच ठिकाणी होता, भाताच्या गिरणीच्या इंजिनावर. गिरणीवाला माझ्या माहेरच्या नात्यातला, म्हणून मी गेले.

"पाईप काढला तर गिरणी बंद," तो म्हणाला.

"पाऊस हाय. कोण भात भरडायला येतंय?"

"ताई, तुमची जीप नदीत गेली तर माझा पाईप कोण आणून देनार? मगरी?"

"हितं मगरी न्हाईत."

"तेच म्हंतोय."

पण पाना त्यानंच आणला आणि पाईपही त्यानंच खांद्यावरून आणून दिला. नंतर तिथंच थांबला. मालकांनी जीपच्या मागं तो पाईप सायलेन्सरला लावून वर उभा केला. सांधा पत्र्यानं आवळून वरून मी उडदाचं पीठ आणि चुना कालवून लिंपला. आमच्याकडं फुटक्या हंड्यालाही हेच लावतात. सुकलं की दगड होतं.

ठिणगीच्या वायरींना मालकांनी हे पीठ लावू दिलं नाही. ओल्या पिठातून ठिणगी पळून जाते म्हणाले. ज्या काळ्या टोपीतून चारी प्लगांना वायरी जातात तिथं मी मधाचं मेण वितळवून ओतलं. कातकरी बाया पाटीभर तांदळाला द्यायच्या ते मेण, देवाच्या वातीसाठी ठेवलेलं. इंजिन तापलं की मेण पातळ होणार हे मी बोलून दाखवलं. "तापायच्या आत पार व्हायचं," मालक म्हणाले. मग वरून ग्रीसमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या. पंख्याचा पट्टा काढला, कारण पंखा पाण्यात फिरला की सगळं पाणी वायरींवरच उडवतो. म्हणजे इंजिन गार ठेवायला आता काही नव्हतं, आणि तापलं की मेण जाणार. मालकांनी हे दोन्ही एकामागून एक सांगितलं आणि बिडी पेटवली. मी पेट्रोलचा डबा लांब सरकवला.

गाडीच्या पोटाखाली एक भोक असतं. तिथं चरबी लावलेली चिंधी गुंडाळून लाकडाची खुंटी ठोकली. तेल बघायच्या सळईला चिंधी. बॅटरीला ग्रीस. पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बसायच्या जागेखाली होती. ती त्यांनी काठोकाठ भरली, झाकणावर ट्यूबचा तुकडा ओढून आवळला आणि त्यातून एक बारीक रबरी नळी वर काढून स्वतःच्या पाठीमागच्या दांड्याला बांधली. पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा जायला पाहिजे, त्यासाठी ती नळी. हे त्यांनी मला सांगितलं. सासूबाईंना कुणी सांगितलं नाही.

सासूबाई सकाळपासून उंबऱ्यावर बसून बघत होत्या. अंगाला मेण, पीठ, चरबी लावून घेणारी गाडी त्यांनी पहिल्यांदाच बघितली. शेवटी मालकांनी जीपच्या तळातली बुचं काढली, तेव्हा त्या उठून आल्या.

"दिसभर भोकं बुजवली, आन आता पाडतोस व्हय?"

"आत पानी यायला पायजे, आई. न्हाई आलं तर गाडी तरंगंल. तरंगली की गेली वाहून."

"म्हंजे पानी आत यावं म्हनून भोकं पाडायची, आन पानी आत येऊ ने म्हनून बुजवायची."

"व्हय."

"तुज्या बापालाबी असंच हुतं," त्या म्हणाल्या आणि पिठाची परात आत घेऊन गेल्या. गिरणीवाला हसला. मी हसले नाही. जाऊ आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली होती, आणि मी दुपारी तिच्यापाशी ठेवलेला तांब्या तसाच भरलेला होता.

पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली, पाणी सरळ इंजिनवर येऊ नये म्हणून. मागं पोत्यांत दगड भरून टाकले, गाडीला वजन यावं म्हणून. मोटेचा जाडजूड नाडा मागच्या आकड्याला बांधला. तो गावचे गडी काठावरून धरणार होते. बंद पडली तर मागं ओढता येईल, निदान माणसं तरी ओढता येतील. उजेड भरपूर होता तेव्हाच आम्ही निघालो.

सासूबाई उतारापर्यंत आल्या. जावेच्या कानात त्यांनी कापूस कोंबला, आभाळ ऐकू येऊ नये म्हणून, आणि डोक्यावरून घोंगडी पांघरून पार छातीपर्यंत आवळली, पाणी दिसू नये म्हणून. मी घोंगडीचं टोक धरून दिलं. ती पाण्याकडं बघून काय करील ते मलाही ठाऊक नव्हतं.

मी पुढं मालकांच्या शेजारी, जाऊ मागं दगडांच्या पोत्यांवर, उंच. मालकांनी सर्वांत हळू जाणारा गिअर टाकला आणि मला म्हणाले, "मी काय बी बोललो तर इचारू नगंस, करायचं."

पाणी आधी पायात आलं, मग मांडीवर. ते आत यावं म्हणूनच भोकं ठेवली होती हे माहीत असलं तरी मांडीवर गार पाणी चढतं तेव्हा माहिती कामाला येत नाही. पुढं जाळीवर बांधलेल्या ताडपत्रीमुळं गाडीच्या नाकासमोर पाण्याचा उंचवटा चालला होता आणि बाजूनं झाडाची फांदी वाहत गेली. मालक पाय हलवत नव्हते. इंजिनचा आवाज एकसारखा ठेवायचा, ना कमी ना जास्त, नाहीतर पुढचा उंचवटा मोडून पाणी इंजिनवर येतं. मी तो बांबू दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बांबूतून हवा आत ओढली जाताना कुणी दम लागलेलं माणूस जवळ बसलंय असं वाटायचं.

मधोमध गेलो आणि आवाज बदलला. आधी एक गचका. मग परत चालू. मग दोन गचके. मला वाटलं, मेण वितळलं.

मालक म्हणाले, "ठिणगी न्हाई गेली. उपाशी मरतंय ते. पेट्रोल येईना." त्यांनी पायानं दाबलं, इंजिन आणखी खाली गेलं. "नळी बघ. टाकीची नळी. माज्या पाठीमागं."

मी बांबू सोडला, त्यांच्या पाठीमागं हात घातला आणि नळीचं टोक शोधलं. टोकाला लिंबाएवढा पिठाचा गोळा. उडदाचं पीठ आणि चुना, वरून फडक्याची चिंधी, दोऱ्यानं आवळलेली. लोणच्याच्या बरणीचं तोंड आमच्या घरात एकच माणूस असं बांधायचं. त्यांना वाटलं असणार, एवढी भोकं बुजवली आणि पोरांनी हे एक विसरलं.

नखानं तो गोळा निघेना. चुना धरला होता.

त्याच वेळी मागं जावेनं घोंगडी फेकून दिली. गाडी गचके देत होती, काठावरून गडी ओरडत होते, कापूस असला तरी तेवढं तिला ऐकू येणारच. तिनं डोळे उघडले ते चारी बाजूंनी लाल पाणी आणि मध्ये आपण. तिनं गळ्याला हात लावला.

"आक्का," ती म्हणाली, "गळा धरला माजा. घोट जाईना."

मी तिच्याकडं वळून बघितलं. तिचा चेहरा मला आवडला नाही. पण त्या वेळी एकच काम करता येणार होतं. मी परत वळले, नळी दातांत धरली आणि गोळ्याच्या खाली चावून तोडली. तोंडात रबर आणि पेट्रोलची वाफ आली. नळीनं सूं करून हवा आत ओढली, बराच वेळ ओढली. इंजिन जवळजवळ थांबलं होतं. मग ते खोकलं, परत खोकलं, आणि लागलं. मालकांनी तोवर एक शिवी पुटपुटली होती, कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढचं पाणी कसं पार केलं ते मला आठवत नाही, कारण मी मागं तोंड करून बसले होते. जाऊ गळा धरून बसली होती. तिचा घसा वर-खाली होत होता. तोंडाला फेस आहे का बघत होते. नव्हता. पण त्या गड्यालाही आधी फेस नव्हता.

जीप पलीकडच्या चढावर चढली आणि तिच्या सगळ्या भोकांतून पाणी धो धो गळायला लागलं. आमच्या काठावर गड्यांनी नाडा सोडला. मालक उतरले, पंख्याचा पट्टा बसवायला लागले, पोटाखालची खुंटी हातोडीनं पाडली. माझ्याकडं किंवा जावेकडं त्यांनी बघितलं नाही. मुद्दाम बघत नव्हते.

मी जावेला खाली उतरवलं, हाताला धरून पाण्याच्या कडेला नेलं आणि ओंजळभर पाणी तिच्या तोंडासमोर धरलं.

"पी."

"गढूळ हाय."

"असू दे. पी."

"आक्का, मला भ्या वाटतंय."

"पान्याचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काय विचारतेय ते तिला तेव्हा कळलं. काल रात्रीपासून मी तिच्याकडं का बघत होते तेही कळलं असावं.

"नदीचं," ती म्हणाली. "तुमच्या गाडीचं. आत्याबाईंचं. पानी प्यायचं भ्या न्हाई वाटत. काल पोट दुखत हुतं म्हनून जेवले न्हाई. सुया पोटात मारतात, हातात न्हाई."

"मग पी."

ओंजळीतलं निम्मं पाणी बोटांतून गळून गेलं होतं. उरलेलं ती प्यायली. मी तिच्या गळ्याकडं बघत होते. घोट खाली गेला. तिनं दातातली रेती थुंकली आणि म्हणाली, "आग लागो तुमच्या पान्याला. आता सोडा माजा हात." मी तिचा हात केवढ्या जोरानं धरला होता ते तेव्हा मला कळलं. चावलेलाच हात होता तो.

मालकांनी जीप चालू केली. "झालं का तुमचं?" म्हणाले.

डॉक्टर चुकलेल्या दिवसाबद्दल मालकांना खूप बोलले. मालकांनी ऐकून घेतलं. ओल्या कपड्यांनी बाकावर पाण्याचं तळं झालं होतं आणि दवाखान्याच्या शिपायानं ते पुसायला फडकं आणून माझ्याच हातात दिलं. सुई झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, आता भीती नाही ना? ते म्हणाले, आज सांगता येत नाही. काही महिने जाऊ द्यावे लागतात.

आम्ही दोघी सुया संपेपर्यंत पौडला राहिलो. मालक गिरणीवाल्याचा पाईप परत द्यायचा म्हणून दुसऱ्या दिवशी तो घेऊन नदीकाठी गेले, दोन दिवस तिथंच बसून राहिले आणि पाणी उतरल्यावर पार झाले. सासूबाईंना नळीची गोष्ट सांगितली का ते मला माहीत नाही. मी सांगितली नाही. त्या वर्षी त्यांनी लोणच्याच्या बरण्या मला बांधायला सांगितल्या, एवढं खरं.

घरी आल्यावर जाऊ पाणी प्यायला बसली की मी बघायची. दळताना, शेतात, पंगतीत. तिनं तांब्या उचलला की माझा हात थांबायचा. दसऱ्याच्या सुमाराला एकदा ती चिडली. तांब्या खाली आपटून म्हणाली, "सारखं काय बघताय माज्या गळ्याकडं? दागिना हाय का त्यात?"

"न्हाई," मी म्हणाले. "पी तू."

आणि बघतच राहिले. दिवाळी गेली, भात झोडून झालं, संक्रांत गेली. मग कधीतरी ती पाणी प्यायली आणि मी बघितलं नाही. कधी, ते मला सांगता येणार नाही.